आक्काचा उजवा गाल

पेशीचा धडा शिकवायला घेतला की माझं डोकं फिरतं. मुली नव्याकोऱ्या, पांढऱ्या कोटांच्या घड्या अजून मोडलेल्या नसतात. विचारलं, पेशी म्हणजे काय, की सगळ्या एका सुरात इंग्रजी व्याख्या म्हणून मोकळ्या होतात. अर्थ विचारला की माना खाली. सोलापुरात नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, पण ह्या खाली घातलेल्या माना मला अजून सोसत नाहीत. "अगं बायांनो," मी म्हणते, "उद्या पेशंटच्या उशाशी उभ्या राहाल. तिथं काय व्याख्या म्हणून दाखवणार?"

मग मी माझ्या पद्धतीनं सांगते. पेशीभोवती पडदा असतो. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं, ते तो बघतो. मध्ये केंद्रक, तिथनं सगळा कारभार चालतो. आणि आत ठिकठिकाणी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीच्या चुली. रक्त पोचेना, ऑक्सिजन मिळेना, की पहिल्यांदा चुली मंदावतात. मग मीठ-पाणी बाहेर उपसायला जोर राहत नाही, पाणी आत साठतं, पेशी फुगते. इथपर्यंत गेलेली पेशी माघारी फिरू शकते. रक्त पुन्हा मिळालं की ती पाणी बाहेर टाकते आणि नीट होते. पण मार थांबलाच नाही तर पडदा फाटतो, चुली कायमच्या विझतात, केंद्रक आक्रसून विरून जातं. मग सलाईन लावा नाहीतर नवस बोला, ती पेशी गेली. "मधली ती रेघ कुठं असते ते ओळखायला शिका," मी सांगते. "तुमचं निम्मं काम त्या रेघेच्या अलीकडं आहे."

आणि पेशी लगेच हार मानत नाही, हेही सांगते. ती आधी जुळवून घेते. प्लास्टरमधनं पाय बाहेर काढला की तो बारीक झालेला असतो, कारण काम नाही म्हणून पेशींनी अंग चोरलेलं असतं. खुरपं धरणाऱ्या हाताला घट्टे पडतात. तोंडात रोज तंबाखू लागली की गालाचं मऊ अस्तर जाड होतं, पांढरं पडतं. एकदा मागच्या बाकावरनं एक पोरगी म्हणाली, "मॅडम, नव्या सुनेगत की! पडंल ते सोसायचं." वर्ग खदखदून हसला, मीही हसले. मग म्हटलं, "व्हय. आणि सोसता सोसता सूनसुद्धा कधीतरी बिघडते. तशी पेशीही बिघडते. ते बिघडणं आपल्याला वेळेवर दिसलं पाहिजे."

हे सगळं मी वर्षानुवर्षं सांगत आले, आणि माझी सख्खी बहीण मंगळवेढ्यात रोज सकाळी ओट्यावर बसून मिश्री लावत होती.

आक्का माझ्याहून बरीच थोरली. आई गेली तेव्हा मी परकरात होते. मला न्हाऊ-माखू घालणं, वेण्या घालणं, शाळेत जात नाही म्हटलं की पाठीत धपाटा घालणं, सगळं तिचं. मला नर्सिंगला पाठवायचं तिनंच ठरवलं आणि घरातल्या पुरुषांशी तीच भांडली. म्हणून ती माझी बहीण कमी आणि आई जास्त. पण मिश्रीचा विषय काढला की ती माझी कुणीच नसायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची, आणि बोटावर घेऊन हिरडीला, गालाला चोळत बसायचं. गल्लीतल्या बाया त्यासाठीच एकत्र यायच्या. कुणाची सून काय म्हणाली, कुणाच्या ज्वारीला कणीस कसं भरलंय, सगळं तिथं कळायचं. "तुला काय ठावं," ती म्हणायची. "दिवसभर राबायचं असतंय. तेवढाच काय तो आमचा इसावा."

त्या वर्षी सुगी झाली आणि ती नेहमीसारखी ज्वारीचं पोतं यष्टीत टाकून माझ्याकडं आली. जेवायला बसलो. मी भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि पिठलं केलं होतं. आक्कानं ताटातला ठेचा बाजूला सारला.

"का गं?"

"तोंड पोळतंय. उष्णता झालीया. सब्जा भिजवून पितीया की."

आक्का आणि ठेच्याला नको म्हणते? जेवण होऊ दिलं, आणि मग बॅटरी घेऊन तिच्यासमोर बसले. ती काही केल्या तोंड उघडेना. मी चिडले, ती चिडली, शेवटी "बग बाई, बग, मास्तरीनबाई हायस न्हवं तू" म्हणत तिनं जबडा उघडला.

डावा गाल चांगला होता. फिकट गुलाबी, एका ठिकाणी किंचित पांढुरकी झाक. उजव्या गालात आतून जाड पांढरा पट्टा, आणि त्या पट्ट्यात लाल, खरबरीत जागा. मी हातमोजा घालून बोट लावलं. ते घट्ट लागलं.

"आक्का, मिश्री बंद कर. आजपासून."

"बंदच केली की!" ती हातानं तोंड पुसत म्हणाली. "आदी डावीकडं लावत हुते. तितं पांढरं पडलं. मग सोडली तिकडची. आता उजवीकडनं लावते. डावी बग की कशी झालीया, लोन्यागत!"

"अगं, बाजू बदलणं म्हणजे सोडणं नव्हे!"

"का न्हवं? तूच शिकीवलंस की. सासू अंथरुनाला खिळली तवा तूच न्हवं का म्हनलीस, आक्का, हिची कूस बदलत जा, एका जागी मार बसू द्यायचा न्हाय, दाबलेल्या जागंला आराम मिळाला की कातडी भरून येती. बदलली कूस. म्हातारीला एक जखम झाली न्हाय मरूस्तवर. तेच मी तोंडाचं केलं."

सासूची तिनं केलेली सेवा मी स्वतः पाहिली होती. अंथरुणावरच्या माणसाच्या कातडीला दाबानं रक्त पोचत नाही, कूस बदलली की पोचतं, पेशी माघारी फिरतात, हे सगळं खरं. तिनं ते मनापासून ऐकलं होतं, पाळलं होतं, आणि आपल्या बुद्धीनं पुढं नेलं होतं. फक्त तंबाखू काही दाबासारखी उठून जात नाही. ती नव्या जागी नव्यानं काम सुरू करते. मी हे समजावून सांगितलं. ती ऐकत होती, पण डॉक्टरचं नाव काढलं की तिचं एकच. "सुरी लागली की पसरतंय. आमच्या गल्लीतल्या बाईचा तुकडा काढला, वरीस निघालं न्हाय. मला न्हाय यायचं."

त्या बाईचं आधीच पसरलेलं होतं, म्हणून ती गेली. तुकडा काढल्यानं नव्हे. हे मी आक्काला ओरडून सांगितलं, हात जोडून सांगितलं. तिनं पिशवी भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या यष्टीनं ती जाणार होती. रात्र गेली तशी गेली. सकाळी तिला म्हटलं, स्टँड माझ्या कॉलेजवरनंच पुढं आहे, माझा तास होईपर्यंत बस तिथं, मग मीच सोडते तुला. एवढं ती कबूल झाली.

त्या दिवशी मुलींचं प्रात्यक्षिक होतं. गालाच्या आतल्या बाजूला बोथट काडी हलकेच फिरवायची, जे निघेल ते काचेवर पसरायचं, निळा रंग घालायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली आपल्याच पेशी बघायच्या. दरवर्षी ह्या तासाला वर्गात जीव येतो. व्याख्या म्हणणाऱ्या पोरींना पहिल्यांदा कळतं की हे पुस्तकातलं नाही, आपल्या तोंडातलं आहे. आक्का खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. मग उठून एकेकीच्या मागं जाऊन डोकावू लागली.

"मला बी दावा की. माजं तोंड कसं हाय बगू."

मुलींना काय, तेवढंच हवं होतं. एकीनं तिला खुर्चीवर बसवलं, डाव्या गालातनं काडी फिरवून काच केली. आक्कानं डोळा लावला. आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. "ह्यात तर काळं गवात हाय," ती म्हणाली आणि पोरी हसून लोळल्या. मग मी भिंग जुळवून दिलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"आत्ता गं बया! फडक्यावर भाकरी टाकल्यात जनू. आन् परत्येकीच्या मदी एक डाग."

"तोच डाग म्हणजे केंद्रक, मावशी," पोरगी म्हणाली.

"मग उजवीकडचं बी घ्या. आमची मास्तरीनबाई उजवीकडच्यापायी जीव खातीया माजा."

मी नको म्हणायच्या आत पोरीनं दुसरी काडी घेतलीसुद्धा. काच तयार झाली. मी पुढं होऊन आधी स्वतः बघितलं.

आमचा सूक्ष्मदर्शक शिकण्यापुरता. आमचा रंग शिकण्यापुरता. असल्या काचेवरनं कुठल्याही रोगाचं निदान करायचं नसतं, हे मीच मुलींना बजावून सांगते. सगळं खरं, पण डोळे काही मिटून घेता येत नाहीत. डावीकडच्या पेशी रुंद, पातळ, सुट्या सुट्या, मधला ठिपका लहान. ह्या पेशी एकमेकींना चिकटून गर्दी करून होत्या. काही अंगानं लहान, आणि पोटातलं केंद्रक मात्र मोठं, गडद. एकीसारखी दुसरी नाही. मी भिंग पुढं केलं, मागं केलं, काच सरकवली. जिथं बघावं तिथं तेच.

माझ्यामागं पोरींची रांग लागली होती. एकीनं बघितलं आणि ती म्हणाली, "मॅडम, ह्यांची केंद्रकं एवढी मोठी का?"

वर्गातला प्रश्न मी कधी टाळत नाही. त्या दिवशी मी म्हणाले, "पुढच्या तासाला सांगते."

आक्का खुर्चीवरनं माझ्याकडं बघत होती. "काय गं? ह्या भाकरी बिगडल्यात व्हय?"

"मला नाही सांगता येणार, आक्का. खरंच. ह्या काचेवरनं कुणालाच सांगता येणार नाही. ज्यांना येतं त्यांच्याकडं चल."

मला रडू फुटेल अशी भीती वाटत होती, आणि मुलींसमोर मी कधी रडलेली नाही. आक्का उठली. तिनं पदर सारखा केला, पिशवी उचलली.

"चल," ती म्हणाली. "काचंत काय मला कळत न्हाय. पर तुजं तोंड मी लहानपनापास्नं वाचतीया."

स्टँडऐवजी आम्ही थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी गाल बघितला, मानेतल्या गाठी चाचपल्या, सुन्न करायचं इंजेक्शन दिलं आणि डाळीच्या दाण्याएवढा तुकडा घेतला. आक्कानं माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले. तुकडा तपासून यायला काही दिवस लागणार होते. तोवर ती माझ्याकडंच राहिली, आणि मिश्रीशिवाय राहिली. डबी मी मागितली नव्हती; तिनंच संडासात रिकामी केली. मग मात्र तिचं डोकं धरायचं, हात थरथरायचे, सकाळी ती ओसरीवर येऊन बसायची आणि उजव्या हाताचं बोट आपोआप तोंडाकडं जायचं. माझ्यावर करवादायची. तीच ज्वारी पुन्हा पुन्हा निवडायची.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. वर्गात मी पुढचा धडा शिकवत होते आणि डोक्यात एकच. गालाच्या अस्तराच्या तळाशी एक पातळ पडदा असतो. बिघडलेल्या पेशी त्या पडद्याच्या वर असतील तर अजून आशा असते. तंबाखू सुटली की त्या कधीकधी माघारी फिरतात, नाही फिरल्या तरी तेवढ्याच खरवडून काढता येतात. पण एकदा का तो पडदा फोडून त्या खाली उतरल्या, की तो कॅन्सर. केसाएवढ्या जाडीचाही नाही तो पडदा. देवापुढं निरांजन लावताना मी त्या पडद्यासाठी हात जोडत होते. कुणी ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं मला.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवूनच सांगितलं. पडदा फुटला होता. पण सुरुवात होती. गाठींत काही लागलं नव्हतं. ऑपरेशन लवकर करायचं, उजव्या गालाचं अस्तर आणि मागच्या काही दाढा काढायच्या, मांडीची कातडी तिथं लावायची. त्या अगदी सावकाश बोलल्या. आक्का माझ्याकडं वळली, म्हणजे आता मी माझ्या भाषेत सांगावं. मी सांगितलं. काही लपवलं नाही. शब्द माझ्याच तोंडचे होते, दरवर्षी वर्गात वापरलेले.

तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "आन् डावी?"

"डावी चांगली आहे. तिथल्या पेशी माघारी फिरल्या. तरी दरवेळी दोन्हीकडं बघावं लागेल."

तिनं हिशेब लावला. "म्हंजे डावीकडं पांढरं पडलं तवाच मी समदीच सोडली असती, तर उजवीला कायच झालं नसतं."

डॉक्टरीणबाई टेबलाकडं बघू लागल्या. मला वाटलं, नाही म्हणावं. कशानंही होतं म्हणावं, नशीब म्हणावं. पण मी तिच्याशी खोटं बोलले असते तर ती माझं तोंड वाचणारच होती.

"व्हय, आक्का," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. आणि मग डॉक्टरीणबाईंना, "कवा कापायचं ते सांगा. ज्वारी भरून झालीया माजी, मी मोकळीच हाय."

ऑपरेशन झालं. नाकात नळी, गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला, बोलायची बंदी. जी बाई झोपेतसुद्धा बडबडते ती भिंतीकडं बघत पडलेली मला बघवत नव्हती. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले. माझ्याच मुलींची तिथं ड्युटी होती. मिठाच्या पाण्यानं तिचं तोंड त्या इतक्या हलक्या हातानं धुवायच्या की मी एकदाही ओरडले नाही. हळूहळू कातडी धरली. नळी निघाली. पातळ आंबील, मग दुधात कुस्करलेली भाकरी. तोंड पहिल्यासारखं उघडत नाही. दोन बोटं कशीबशी मावतात. बोलताना शब्द घोळतात, ते आम्ही आता समजून घेतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कडेपर्यंत सगळं निघालंय, पण येत राहायचं. येत राहायचं म्हणजे भीती आहेच. ती मला आहे आणि आक्कालाही आहे, फक्त ती बोलून दाखवत नाही.

ती मंगळवेढ्याला परत गेली तेव्हा माझा जीव टांगणीलाच होता. तोच ओटा, त्याच बाया, तोच भाजलेल्या तंबाखूचा वास. सुटलेलं पुन्हा लागायला असा कितीसा वेळ लागतो?

एक दिवस सकाळी कॉलेजला निघताना तिचा फोन आला.

"ऐक. कुनाला सांगू नगंस. आज बाया जमल्या हुत्या. तवा तापत हुता. मी म्हनलं, थांबा. आदी ज्या बोटानं मिसरी लावता ते बोट धुवा आन् माज्या गालात घाला. काय हाय आन् काय न्हाय ते चाचपा. मग लावायची तर लावा."

"आक्का! इन्फेक्शन झालं म्हणजे?"

"गप बस, धुतली हुती की साबनानं. दोघीतिघींनी घातलं. एक रडाय लागली. मग माजी धाकटी जाऊ आली. तिनं घातलं, आतनं फिरीवलं, बाहीर काढलं." घोळणारे शब्द ती एकेक करून नीट मांडत होती. "मग परत बोट धुतलं आन् आपल्या गालात घातलं, तितंच. आन् बसली की तशीच बोट तोंडात धरून. मी म्हनलं, काय गं? तर म्हनती, आक्का, माजं बी हितं घट्ट लागतंय."

मी दाराची कडी धरून उभी राहिले.

"उद्याच्या पयल्या यष्टीनं तिला घिऊन येते. डाक्टरीनबाईंना सांगून ठिव. आन् मला सांगितलंस तसंच तिला सांग, काय लपवू नगंस."

"ये," मी म्हणाले. "घेऊन ये तिला."

फोन ठेवायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. पलीकडं कुणी बाई हुंदके देत होती, आणि माझी बहीण तिला म्हणत होती, "रडू नगं गं. उजेडाला ये. उघड तोंड, मला बगू दे."